डब्यांचं हळदीकुंकू

करंड्यांची पेटी आमच्या घरी आली तो मंगळवार होता. मी ती कर्जत स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून सोडवली, सायकलीला बांधली आणि पूल ओलांडून दहिवलीला आणली. ताईने दोरी कापली, झाकण काढलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"साठ," मी म्हणालो.

ती उठून चुलीकडे गेली.

ताई गेल्या पौषात गेली. तेव्हापासून मी हे लिहायचा प्रयत्न करतो आहे. रोज अर्धं पान होतं, कधी तेवढंही होत नाही. लिहिताना पुन्हा पुन्हा त्या मंगळवाराशी येऊन थांबतो, म्हणून सुरुवात तिथूनच केली. पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय साठ करंड्यांत काय एवढं होतं ते कोणाला कळणार नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे यजमान रेल्वेत होते. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच ते विषमज्वराने गेले आणि ताई एक ट्रंक घेऊन दहिवलीला परत आली. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. मी तेव्हा पनवेलला मामांकडे राहून शिकत होतो. पुढे आई गेली, मला कर्जतच्या शाळेत नोकरी लागली, माझं लग्न झालं. या सगळ्या काळात घर ताईनेच चालवलं. ती सातवी शिकलेली होती. मी वाचनालयातून आणलेली पुस्तकं माझ्याआधी तिची वाचून व्हायची.

आमच्या आळीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असायचं. बोलावणं करायला एखादी मुलगी दारात यायची. ताईच बहुधा दार उघडायची. मुलगी विचारायची, "वहिनी आहेत का?" आणि ताई आत वळून माझ्या बायकोला हाक मारायची. बोलावणं तिच्या खांद्यावरून आत जायचं. आमच्या घरी हळदीकुंकू असलं की तिळाच्या वड्या ताई करायची, वाणाच्या वस्तू ताई पुसून मांडायची, आणि बायका यायच्या वेळेला स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन आत बसायची. यात कोणी तिचा मुद्दाम अपमान करत नव्हतं. तसंच असतं, असं सगळे धरून चालले होते, ताईसुद्धा. मी तर हे पाहतच मोठा झालो होतो, त्यामुळे मला ते दिसत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या एका वर्गमित्राचा मेहुणा कल्याणला राहायचा. मुंबईच्या एका कारखान्याचे प्लॅस्टिकचे डबे खपवायचं काम त्याच्याकडे होतं. आम्ही त्याला एजंट म्हणायचो. डबे दुकानात मिळत नसत. एका घरी दहा-पंधरा बायका जमवायच्या, त्यांना डबे हाताळू द्यायचे आणि तिथेच कोणाला काय हवं ते लिहून घ्यायचं, अशी पद्धत होती. कल्याण-डोंबिवलीला अशा बैठका जोरात चालल्या होत्या. कर्जतच्या बाजूला त्याला बाई हवी होती. तो माझ्या बायकोबद्दल विचारायला आला. तिच्या मांडीवर तेव्हा चार महिन्यांचं मूल होतं. ती नाही म्हणाली. एजंट चहा संपवून उठला, तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला.

"मी करीन."

मी आणि बायको एकमेकांकडे पाहत राहिलो. ताई बाहेर आली, पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "पण मला आधी एक डबा द्या. चांगला आहे की नाही ते मी आधी बघणार."

श्रावण होता. तिने दोन नाचणीचे पापड भाजले. एक पत्र्याच्या डब्यात ठेवला, एक त्या प्लॅस्टिकच्या. आठ दिवसांनी दोन्ही काढले. पत्र्यातला वाकला, प्लॅस्टिकमधला कडकन मोडला. ताई म्हणाली, "ठीक आहे. आता मी लोकांना सांगू शकते."

पुढे हाच तिचा प्रयोग झाला. पहिली बैठक कर्जतच्या बाजारपेठेत एका कंपाउंडरच्या घरी होती. डब्यांची पिशवी सायकलवर मीच न्यायचो आणि बैठक संपेपर्यंत ओटीवर पुस्तक घेऊन बसायचो, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. ताईने तसेच ठेवलेले दोन पापड सगळ्यांसमोर मोडून दाखवले. मग डब्यात पाणी भरून, झाकण लावून, तो एका बाईच्या मांडीवर उपडा धरला. बाई किंचाळली. थेंबही सांडला नाही.

"आत काय ठेवलं तर मऊ पडत नाय म्हनताव?" एकीने विचारलं.

"नाही पडत."

"मग आमच्या मालकांनाच ठेवते घालून. पावसाळा सुरू झाला का लई मऊ पडत्यात, शेतावर जायाचं नावच घेत नाय!"

"तेवढा मोठा डबा आला की तुम्हाला आधी कळवते," ताई म्हणाली.

आत हशा उसळला. त्या हशात ताईचं हसणं होतं. ते मला चटकन ओळखू आलं नाही, इतक्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत ती दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे जायची. दहिवलीतली घरं झाली, मुद्र्याची झाली, नेरळला उतरून पोशीरला दोनदा गेलो. पोशीरला भाताची कापणी चालू होती तरी बायका अंगाला तूस तसंच ठेवून आल्या. मुलं तिला डबेवाल्या ताई म्हणू लागली. ती जेवताना सांगायची, कोणाच्या घरी काय बोलणं झालं, कोणाची सून कशी, कोणाच्या परसात कसली वेल आहे. माझी बायको हसून म्हणायची, "वन्सं, आता गावच्या बातम्या तुमच्याकडूनच कळायच्या."

डबे किती खपले याचं तिला अप्रूप होतंच. पण तिला हवं होतं ते दुसरंच होतं, आणि ते मला कोणी न सांगता कळायला हवं होतं. सतरंजी अंथरली जायची, बायका कडेने बसायच्या आणि ताई त्या सतरंजीच्या मधोमध बसायची. बारा वर्षांत ती बायकांच्या घोळक्यात बसली नव्हती. बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही, मंगळागौरीला नाही. आता तिला कोणी बोलावणं करत होतं, तिची वाट पाहत होतं. "पुढच्या शनिवारी आमच्याकडं या हं ताई," असं एखादी म्हणाली की घरी येईपर्यंत ती ते वाक्य दोनदा तरी मला सांगायची.

दिवाळीनंतर खप मंदावला. ज्यांना घ्यायचे त्यांनी डबे घेऊन झाले होते. बायका बैठकीला यायच्या, पापडाची गंमत पाहायच्या आणि तशाच उठायच्या. एजंट येऊन बसला आणि म्हणाला की असंच राहिलं तर हा भाग तो नेरळच्या एका बाईंना देईल.  तो गेल्यावर नमुन्याचे डबे ताईने एकदा पुसले आणि पुन्हा पुसायला घेतले.

"तू एवढं वाचतोस," ती मला म्हणाली, "काहीतरी सुचव ना रे."

मला सुचलं. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असायची. जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांत व्यापारावरचा एक लेख मला सापडला. गिऱ्हाइकाला खरेदीवर एखादी छोटी वस्तू भेट दिली तर ते गरज नसतानाही दुसरी वस्तू उचलतं, आणि भेट अशी असावी की ती बघताच हवीशी वाटावी, असं त्यात लिहिलं होतं. मी ते गणितासारखं सोडवलं. समोर संक्रांत होती. बायकांना वाणाच्या वस्तू हव्या असतात. दोन डबे घेणाऱ्या बाईला हळदीकुंकवाचा एक स्टीलचा करंडा. जिच्या घरी बैठक होईल आणि वीस डबे जातील तिला दोन करंडे आणि वर एक तबक. मी एजंटला पत्र लिहिलं. त्याला योजना एवढी आवडली की अर्धा खर्च त्याने उचलला आणि भुलेश्वरहून करंडे रेल्वेने पाठवले.

ताईला मी एवढंच सांगितलं होतं, "भेटवस्तू मागवली आहे, आल्यावर बघ." तिला आनंद होईल असं मला वाटत होतं.

त्या मंगळवारी जेवताना तिने विचारलं, "चमचे नव्हते का मिळत?"

"चमच्याला कोण भुलणार ताई? संक्रांत आहे."

"हो," ती म्हणाली. "संक्रांत आहे."

तिने मला ताक वाढलं. मी समजलो, तिला पटलं.

करंड्यांची पहिली बैठक पुन्हा कंपाउंडरच्याच घरी ठेवली. दोन डब्यांवर करंडा मिळतो हे आधीच पसरलं होतं. पहिल्यापेक्षा दुप्पट बायका आल्या. सतरंजी पुरेना म्हणून शेजारून घोंगडी आणली. मी आणि कंपाउंडर ओटीवर होतो. ताईने पापड मोडला, पाण्याचा डबा उपडा केला, बायकांनी सांगितलं तसं वहीत लिहून घेतलं. मग पेटी उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ कंपाउंडरच्या आईचा. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली असायची आणि एरवी काही बोलायची नाही.

"थांब गं बाय. करंडा हाय ना तो?"

"हो आजी. दोन डब्यांवर एक."

"ते कळलं. पन तुज्या हातानं नको. सनासुदीचं हाय. राग नको मानूस गं, तू आमाला लेकीवानी."

आत पेटीचं झाकण वाजलं. मग एका बाईचा आवाज आला, "आजी, त्यो काय वान हाय का? डब्यावरची भेट हाय ती. दुकानदारानं दिल्यावानी."

"भेट आसंल नायतर आनखी काय आसंल. त्यात कुकू भरनार का मीठ भरनार? सांग ना मला."

बांगड्या वाजल्या, कोणीतरी सरकून बसलं.

"सूनबाई," म्हातारी म्हणाली, "तू दे."

पुढचं मी ऐकलं नाही, दाराच्या फटीतून पाहिलं. ताईने हातातला करंडा सुनेच्या हातात दिला नाही. तो तिने जमिनीवर ठेवला. सुनेने तो जमिनीवरून उचलला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक करंडा आधी खाली टेकत होता. थोड्या वेळाने ताईने अख्खी पेटीच पुढे सरकवली आणि स्वतः मागे सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. करंडा द्यायचाच तर रिकामा कसा द्यायचा म्हणून सुनेने देवाजवळचं हळदकुंकू आणलं आणि एकेकीच्या कपाळाला लावायला सुरुवात केली.

"अगो, हे तर डब्यांचं हळदीकुंकूच झालं की!" कोणीतरी म्हणालं आणि आतला ताण एकदम सैल झाला. सगळ्याजणी हसल्या.

ओटीवर कंपाउंडरने मला विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळेला यंदा नवीन खोली मिळणार म्हणतात, खरं का?" मी त्याला खोलीबद्दल सगळं सांगितलं. जागा कुठली, पत्रे कुठून येणार, सगळं. मी जागचा उठलो नाही.

परत येताना पुलावर ताईने विचारलं, "आज किती डबे गेले?"

"चव्वेचाळीस."

"तुझी युक्ती चालली म्हणायची," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

पुढच्या घरून निरोप आला तो असा होता: डबेवाल्या ताई येतीलच, पण येताना मास्तरीणबाईंना घेऊन या. माझ्या बायकोने ऐकल्याबरोबर मान हलवली. "मी नाही जायची. वन्संचं काम आहे, त्यात माझं काय?"

तिला तयार केलं ते ताईने. "अगं, चल तू. बोलायचं मी बोलीन. तू नुसतं देत जा."

पहिल्या एक-दोन बैठकांत तसंच झालं. ताई पापड मोडायची आणि मग उठून बाहेर यायची, बायको करंडे द्यायची. मग बायकांना वाटू लागलं की हळदीकुंकू आधी आटोपून घ्यावं, डबे नंतर निवांत बघावे. तेवढा वेळ ताई ओटीवर माझ्याजवळ बसायची. मी तिला पुस्तकातलं पान काढून द्यायचो. ती डोळे पानावर ठेवायची, पान उलटायची नाही. मग एकदा आतून कोणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई, आता तुमीच दाखवा की डबा, तुमालाबी येत असंल." माझ्या बायकोने दाखवला. पाण्याचा डबा उपडा करताना ती गोंधळली, पाणी सांडलं आणि सगळ्या खळखळून हसल्या. तिला त्या हसण्याची लाज वाटली आणि मजाही वाटली. मी तिला दोष देत नाही.

माघ संपला. मला वाटलं, रथसप्तमी झाली, आता करंडे थांबतील. पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू समोर होतं. एजंटने आणखी दोन पेट्या पाठवल्या. एवढा खप त्याच्याकडे कल्याणातही नव्हता. मी एकदा त्याला म्हणालो, "आता भेटवस्तू बदलू या. वाटी, चमचा, काहीतरी." तो म्हणाला, "चालतंय ते चालू द्या की मास्तर. तुमचीच तर कल्पना." हे एकच वाक्य मला गप्प करायला पुरलं. माझी कल्पना होती आणि ती यशस्वी झाली होती, याचा थोडा गर्व तेव्हाही माझ्या मनात शिल्लक होता. हे लिहायला मला चार दिवस लागले.

चैत्रापासून ताई बैठकांना जाईनाशी झाली. मूल सांभाळायला घरी कोणीतरी हवं, असं कारण होतं. ते खरंही होतं.

वैशाखात एका रविवारी दुपारी एक बाई आमच्या दारात आल्या. खालापूरच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. कंपाउंडरच्या ओळखीने त्याच्या घरच्या पहिल्या बैठकीला त्या आल्या होत्या आणि त्यांनी तेव्हा तीन डबे घेतले होते, एवढी ओळख होती. त्या बौद्ध होत्या. खालापुरात त्यांचं घर होतं, आई आणि दोन बहिणी जवळच राहायच्या. माझी बायको पुढे झाली तर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं नाय, ताईंकडं काम हाय."

ताई हात पुसत बाहेर आली.

"आमच्या आळीत बैठक घ्यायची हाय," नर्सबाई म्हणाल्या. "बायका पंधरा-वीस जमतील."

"मी आता जात नाही हो," ताई म्हणाली. "वहिनी येतील. करंडेही—"

"करंडा नकोच आमाला. धर्म बदलला तवा माझ्या आईनं घरातला करंडा नेऊन वढ्यात टाकला. आता डब्यावर फुकट मिळतो म्हणून परत घरात घेऊ व्हय? मारंल ती मला." त्या हसल्या. "चमचा द्या. नायतर काय पन देऊ नका. फक्त तुमी या. वहिनी आल्या तर त्यांना वाटल्यास बसवू वट्यावर, मास्तरांच्या शेजारी."

माझी बायकोसुद्धा हसली. ताई हसली नाही, पण तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "कधी येऊ?"

चमचे तिने बाजारात जाऊन स्वतः निवडले. नाचणीचे पापड नवीन लाटले. आम्ही एस.टी.ने गेलो. खालापूर स्टँडवर उतरलो तेव्हा वेळ होता, म्हणून तिथल्या हॉटेलात दोन चहा सांगितले. ताईच्या हातात ग्लास असतानाच नर्सबाई आम्हाला घ्यायला आल्या. "पिऊन घ्या सावकाश," त्या म्हणाल्या आणि चहा संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्यांच्या घरापुढे मांडव घातलेला होता, त्याखाली सतरंजी. मला बाजूला खुर्ची दिली. पहिल्या रांगेत नर्सबाईंची आई बसली होती, कपाळ मोकळं, केस पांढरे, मांडीवर नात. तिच्याकडे पाहून ताई क्षणभर थांबली आणि मग सतरंजीच्या मधोमध जाऊन बसली.

तिने पापड मोडला. म्हातारीने तो हातातून घेतला, तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाली, "दात नायत मला, तरी आवाज आला गं बाय!" ताई खो खो हसली. मग ती बोलत राहिली. डब्यात तांदूळ कसे ठेवायचे, सुकी मच्छी कशी ठेवायची म्हणजे वास बाहेर येणार नाही, झाकण ढिलं झालं तर गरम पाण्यात कसं घालायचं. ती सुकी मच्छी खात नव्हती. हे सगळं तिने पोशीरच्या बायकांकडून ऐकून ठेवलेलं होतं. चमचे तिने स्वतःच्या हाताने दिले. प्रत्येकीने ते तिच्या हातातून घेतले. एकीने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "जड हाय गं. ताई, तुमी बाकी फसवत नाय."

मग नर्सबाई स्वतः ट्रे घेऊन आल्या. कपबशा नव्या होत्या, त्याच दिवशी काढलेल्या असाव्यात. पहिला कप त्यांनी ताईसमोर धरला.

ताईचा हात पुढे गेला आणि थांबला.

"मला नको," ती म्हणाली. "आज उपवास आहे."

"उपासाला च्या चालतो की," एक मुलगी म्हणाली.

"निर्जळी आहे," ताई म्हणाली.

नर्सबाई ट्रे धरून उभ्या होत्या. स्टँडवर ताईच्या हातातला ग्लास त्यांनी पाहिला होता.  त्या म्हणाल्या, "बरं," आणि माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी घेणार ना?"

मी घेतला. पूर्ण प्यालो. त्याने काही भरून निघालं नाही, आणि ते मला पितानाच कळत होतं. बायका चहा पिऊ लागल्या, पण बोलणं मोडलं ते मोडलंच. म्हातारीने नातीला उचललं आणि घरात गेली.

निघताना नर्सबाई आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. तिथे थांबून त्या ताईला म्हणाल्या, "करंड्याच्या येळेला त्या म्हातारीनं तुमाला काय म्हटलं ते माझ्या कानावर आलं होतं. म्हणून मी तुमाला बोलवायला आले होते."

ताई खाली बघत होती. नर्सबाई मागे वळल्या आणि घरी गेल्या.

बसमध्ये चौक गाव येईपर्यंत ताई तिकिटाची घडी घालत बसली. मग म्हणाली, "मला घ्यायचा होता रे तो कप. हात गेला नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "त्या कंपाउंडरच्या म्हातारीचंही तसंच झालं असेल." मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. मी आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले.

ठरलेले डबे आल्यावर ते पोचवायला ताईने मला एकट्यालाच पाठवलं. नर्सबाईंनी मला पाणी दिलं, डबे मोजून घेतले. "डबे चांगले हायत, सांगा ताईंना," त्या म्हणाल्या. तुमी या, असं म्हणाल्या नाहीत. त्यानंतर खालापूरहून कधी बोलावणं आलं नाही, आणि ताईनेही तिकडे जायचं नाव काढलं नाही. मी एकदा सुचवलं होतं की पत्र लिहू या. ती म्हणाली, "काय लिहिणार? चहा प्यायला येते म्हणून?"

माझी बायको आणखी दोन वर्षं बैठका करत होती. मग कर्जतच्या बाजारातल्या दुकानांत तसलेच डबे टांगलेले दिसू लागले, त्याहून स्वस्त, आणि एजंट यायचा बंद झाला. ताई घरी होती. तिने माझी दोन्ही मुलं वाढवली, त्यांची लग्नं पाहिली. आळीत बारसं असलं की बाळंतविडा ती विणायची आणि तो माझ्या बायकोबरोबर जायचा. संध्याकाळी ती मागच्या दारी बसून वाचायची. कोणी विचारलं तर सांगायची, मला गर्दी आवडत नाही. काही वर्षांनी नवीन शेजारणींना ते खरं वाटू लागलं. माझ्या मुलांनाही वाटतं. आत्या एकलकोंडी होती, असं मुलगा परवा तिच्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला. मी त्याला पोशीरच्या बायका सांगितल्या, पापड सांगितला. त्याने ऐकलं, पण त्याला ते दुसऱ्याच कोणा बाईबद्दल वाटलं असावं.

शेवटचे काही महिने ती अंथरुणाला होती. मी तिच्याजवळ रोज वाचत बसायचो. त्या वेळी मला तिला सांगता आलं असतं की ताई, चूक माझी होती, मी तुला आधी विचारायला हवं होतं, आणि ओटीवरून उठायला हवं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. ती ऐकत पडलेली असायची. वाचणं थांबलं की डोळे उघडून म्हणायची, "वाच ना." मी पुढे वाचायचो.

तिच्यामागे माझ्या बायकोने हळदीकुंकू करायचं सोडलं. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संक्रांतीला बोलावणं करायला मुली आल्या होत्या. बायको दारातच त्यांना म्हणाली, "आता मी येत नाही गं."

मुलं पुण्याला असतात. घरात आता ती आणि मी, दोघंच आहोत. आमच्याकडे बायका येत नाहीत.